कोरडा क्लॅम्प
हिवाळ्यात मोटरसायकलच्या सीटवरचं दव पुसताना मला यवतमाळ जिल्ह्यातलं ते आडगावचं सबस्टेशन आठवतं. हातातला थर्मल कॅमेरा घेऊन मी तिथे तारांचे सांधे तपासायला गेलो होतो. कुठला सांधा तापलाय ते त्याच्या पडद्यावर रंगात दिसतं. कुंपणापलीकडे तूर दवाने वाकली होती आणि यार्डात ट्रान्सफॉर्मरची एकसुरी घरघर चालू होती. मी कॅमेरा सुरू करायच्या आधीच तिथल्या वयस्क ऑपरेटरने डोक्यावरच्या, तार धरून ठेवणाऱ्या एका क्लॅम्पकडे बोट दाखवलं. "साहेब, सगळ्याईवर दव हाय, थोच एकटा कोरडा. तीन हिवाळे झाले, मी लिहून देऊन राह्यलो. तुमच्या फोटोचं तरी ऐकतीन." पडद्यावर तो क्लॅम्प पांढराफटक, म्हणजे सगळ्यात तापलेला दिसला. उंचीचा अंदाज यावा म्हणून मी त्यांना तसंच बोट दाखवत खाली उभं केलं, फोटो काढला आणि 'ताबडतोब बदला' असा अहवाल दिला. क्लॅम्प कोणी बदलला नाही. उन्हाळ्यात तो तुटला, तार त्यांच्या अंगावर पडली आणि ते जागीच गेले. दर तासाला रीडिंग घ्यायला त्यांना तिथूनच जावं लागायचं. चौकशीला माझाच फोटो टेबलावर होता. "हा बोट दाखवून राह्यला ना? म्हणजे याले धोका माहीत होता," चौकशीचे साहेब म्हणाले, "मग खालून गेला कायले?" त्यांना तसं मीच उभं केलं होतं, हे मी दोनदा सांगितलं, ते कोणी लिहून घेतलं नाही. सांधे मी अजूनही तपासतो. फोटोत माणूस मात्र येऊ देत नाही.