निधी व्यपगत होईल

वसईला केंद्राच्या ओसरीवर काचेचा एक फळा होता. त्याला कुलूप असायचं. विद्यापीठाचं मधुमेहावर संशोधन करणारं ते केंद्र. मोठं ऑफिस मुंबईत, आणि वसईत बाजारामागच्या जुन्या घरात दोन खोल्यांची ही शाखा. माझी मुलगी त्यांच्या अभ्यासात होती. अभ्यास म्हणजे शाळेचा नव्हे. ज्या लेकरांना इन्सुलिनवाचून जगता येत नाही, त्यांचं रक्त, वजन, उंची हे लोक दर महिन्याला लिहून घ्यायचे आणि महिन्याला पुरतील एवढ्या इन्सुलिनच्या बाटल्या फुकट द्यायचे. ही तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. सकाळ-संध्याकाळ सुई. त्या बाटल्या दुकानातून घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं, हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

मी पाचवीत शाळा सोडली. वाचता येतं, पण अक्षराला अक्षर जोडत. नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं, वाचायला दुसरं काही नाही, म्हणून फळा वाचायचे. वर मथळा कायम तोच, 'अद्ययावत सूचना'. पहिल्यांदा तो वाचायला इतका वेळ लागला की तेवढ्यात आमचा नंबर आला.

त्या मार्चात नवा कागद लागला. 'अखर्चित निधी ३१ मार्च रोजी व्यपगत होईल. सदर निधी पुढील वर्षात वर्ग करता येणार नाही.'

आम्ही राहायचो विरारजवळ चंदनसारला. मी तिथं ज्या बिल्डिंगमध्ये कामाला जायचे तिच्या दुसऱ्या मजल्यावर निधी नावाची मुलगी होती. त्यामुळे निधी हे पोरीचं नाव, हे मला पक्कं माहीत. वर्ग म्हणजे इयत्ता. व्यपगत कधी वाचलं नव्हतं, पण आमच्या गावाकडे हार घातलेल्या फोटोखाली दिवंगत लिहितात, ते वाचलं होतं. कुणाची तरी पोर एकतीस तारखेला जाणार आहे आणि पुढच्या इयत्तेत बसणार नाही, असं ह्या लोकांनी चक्क छापून लावलंय. मुलीला फळा दिसू नये म्हणून मी तिला माझ्या पलीकडच्या बाजूला बसवलं.

आत एक कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. बाटल्या तेच द्यायचे. मी दारात उभी राहिले.

"भाऊसाहेब, ही निधी कुणाची हो?"

"कोण निधी?"

"फळ्यावर लिहिलीय ती. काहीच करता येणार नाही का तिच्यासाठी? अजून पंधरवडा आहे की."

ते चष्मा कपाळावर घेऊन बाहेर आले, कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि असे हसायला लागले की बाकाला धरून बसावं लागलं. "अहो ताई, निधी म्हणजे पैसा! ग्रँट! वर्षाचा पैसा मार्चएंडपर्यंत खर्च नाही झाला तर परत जातो. त्याला व्यपगत म्हणतात."

"म्हणजे मरत नाही कुणी?"

"कुणी मरत नाही."

मीसुद्धा हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांचंच हसू ओसरलं. "पण तुमच्या बाटल्या त्याच निधीतल्या बरं का," ते म्हणाले, आणि मला आत बसायला सांगितलं. आत बसायला सांगतात तेव्हा चांगलं नसतं, एवढं मला दवाखान्यांनी शिकवलं होतं.

त्यांनी समजावलं ते असं. नव्या वर्षाचा पैसा एक एप्रिलला येत नाही. मंजुरी, सह्या, पुन्हा मंजुरी, असं करत पावसाळा लागतो. आजवर ते मार्चात जास्तीच्या बाटल्या घेऊन फ्रीजमध्ये ठेवायचे आणि पैसा येईपर्यंत त्यांवर लेकरं निभावून न्यायचे. आता विद्यापीठाचा नवा नियम आला होता. एकतीस मार्चला फ्रीजमध्ये जे उरेल ते अखर्चित धरणार, म्हणजे तेही परत. आणि हे केंद्र संशोधनाचं, दवाखाना नव्हे, म्हणून उपचारावर वेगळा खर्च 'अनुज्ञेय नाही'. हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. पहिल्यांदा साहेबासारखा, दुसऱ्यांदा माणसासारखा.

"मग लेकरांनी काय करायचं?"

"एक वाट आहे. एकतीसच्या आधी बाटल्या मुलांना वाटून टाकायच्या. पावसाळ्यापर्यंतच्या. वाटल्या म्हणजे खर्ची पडल्या. पण मुंबईच्या साहेबांनी अट घातलीय, रुग्णाच्या राहत्या घरी फ्रीज पाहिजे. नसेल त्याला एकच महिन्याच्या मिळणार. तुमच्याकडे…?"

त्यांना माहीत होतं. आमच्या खोलीत मी बाटली मडक्यात ठेवायचे, ओल्या वाळूत, फडक्यात गुंडाळून. महिनाभर तसं चालतं. चार महिने उन्हाळ्यात, पत्र्याखाली, नाही चालत.

केंद्रानेच मला एक परीक्षा शिकवली होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात मुलीच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर तापवायचं. निळं राहिलं तर देव पावला. हिरवं, पिवळं होत गेलं तर साखर आहे. विटेसारखं लाल झालं तर उचलून पळायचं. विटेचा रंग मी एकदा पाहिला होता. तिच्या श्वासाला सडक्या फळांचा वास येत होता आणि ती मला ओळखत नव्हती. गावाकडून सासू सांगत होती, पोरीला इकडं आणा, अंगारा लावू. इकडं आमचं कुणीच नव्हतं. नवरा वसईला एका गाळ्यावर वॉचमन, मी चार घरची कामं करणारी. ओळख म्हणावी तर ह्या केंद्राचीच.

तर मी फ्रीज शोधायला निघाले.

गल्लीच्या तोंडाशी दुकान होतं, त्यात थंडा ठेवायचा उभा फ्रीज. दुकानदार म्हणाला, "ठेव की ताई, पण रात्री मी बंद करतो हां. बिल काय तुझं केंद्र भरणार?" तो खरं तेच बोलला. मी हात जोडून आले.

मग माझी फ्लॅटवाली बाई. तिचं मन मोठं. माझ्या मुलीच्या अंगावरचे निम्मे फ्रॉक तिच्या घरचे. ती लगेच म्हणाली, "अगं, एक खण रिकामा करून देते." मी तिला दाखवायला म्हणून बाटलीचं रिकामं खोकं नेलं होतं. तिच्या मालकांनी ते हातात घेतलं, इंग्रजी वाचलं, आणि बायकोला आत बोलावलं. बाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच.

"हे गाईपासून काढतात म्हणे. आतड्याजवळचं काहीतरी असतं, त्यातून."

"मला नाही माहीत, वहिनी."

"आमच्या सासूबाईंचं देवाचं दूध असतं गं त्याच फ्रीजमध्ये. त्यांना कळलं तर…" ती एवढंच म्हणाली आणि मला चहा दिला. मी तो प्यायले. मी तिला नावं ठेवत नाही. मला स्वतःलाच धक्का बसला होता. मी सोमवार धरणारी बाई. वर्षभर रोज दोनदा मी माझ्या हातांनी लेकराच्या दंडात हे टोचत होते. संध्याकाळी सुई भरताना हात थांबला. मुलगी म्हणाली, "आई, टोच ना, भूक लागलीय." मी टोचली. मग घराबाहेर कचराकुंडीपाशी एक गाय उभी असायची, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने शेपटी मारली.

मार्च संपत आला. मी केंद्रात गेले ती एका महिन्याच्या बाटल्या घ्यायच्या आणि पुढचं देवावर सोडायचं, असं ठरवून. बाकावर शेजारी नेहमीची म्हातारी होती. वसईजवळच्या ख्रिस्ती वाडीतली, लाल लुगड्याची, केसांत फूल माळणारी. तिलाही साखर. फुलं विकायची. तिची घरची बोली मला निम्मी कळायची, माझी तिला निम्मी, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. मी मुलीचा हात धरून रडत होते, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

"बाय, काय झालं गं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? माझ्या पोराने दुबईहून येऊन फ्रीज घेऊन दिलाय. आमचे उपासाचे दिवस चाललेत, घरात मटण नाही. रिकामा घुमतोय नुसता."

"मावशी, आधीच सांगते. ह्या औषधात गाय आहे."

"असू दे. माझ्या फ्रीजात गवत नाही म्हणावं तिला."

"आणि ईस्टरला?"

"ईस्टरला मटण चुलीवर असेल, फ्रीजात कशाला?" असं म्हणून ती उठली आणि माझ्या आधी आत गेली.

भाऊसाहेबांनी सगळं ऐकलं आणि डोकं धरलं. "मावशी, 'रुग्णाच्या राहत्या घरी' असं लिहिलंय. ह्या राहतात चंदनसारला. तुमचं घर वसईत. ऑडिटवाले मला विचारतील."

"माझ्याकडेच राहते ती. माझी भाची आहे."

"भाची? ह्या परभणीकडच्या!"

"हिच्या आईला लांब दिली होती," म्हातारी म्हणाली, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

भाऊसाहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. माझ्या नावापुढे मावशीचा पत्ता लिहिला. बाटल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून दिल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बर्फाच्या खणात ठेवू नका. गोठलं की पाणीच. सांभाळा, ताई. आता काही झालं तर माझ्याकडे द्यायला काही नाही." त्यांच्या मागचा फ्रीज उघडा होता आणि आत नुसता दिवा दिसत होता.

एप्रिल गेला. मी बाटली संपायच्या आत एसटीने वसईला जायचे, दुसरी आणायचे. मावशी मला बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठच्या तिच्या घरात बसवायची, आणि मुलीच्या केसांत अबोली माळायची. आता मी तिला मनापासून मावशी म्हणत होते. कागदावर तर ती होतीच.

मे महिन्यात एके दिवशी फ्लॅटवाल्या बाईकडे भांडी घासताना तिचे मालक फोनवर बोलताना ऐकले, "वसईला डीपी उडालाय, कालपासून लाईट नाही." माझ्या हातातली परात पडली. मी कारण सांगितलं तशी बाई आत गेली आणि बर्फ भरलेला थर्मास घेऊन आली. "हा ने. आणि… परत नाही आणलास तरी चालेल." मला कळलं ती असं का म्हणाली. तरीही मी तिच्या पाया पडले. दोन्ही खरं होतं.

एसटीत मी थर्मास पोटाशी धरून बसले होते. कालपासून. बंद फ्रीज, वसईचा मे महिना. पावसाळ्यापर्यंतचं माझ्या लेकराचं सगळं त्या एका डब्यात. भाऊसाहेबांकडे काही नाही. दुकानात जाणं नाही. गावाकडे अंगारा. मी कंडक्टरला पैसे द्यायचेही विसरले. तो म्हणाला, "बाई, रडताय कशाला, तिकीट तर मागतोय." 

मावशीच्या घरी फ्रीजचं दार सताड उघडं होतं. आत काही नव्हतं. मी ओरडलेच.

"मावशी, डबा?"

"ओरडू नको. इकडे ये."

तिने मला वाडीतल्या विहिरीकडे नेलं. रहाटाला दोर बांधलेला होता. ती हळूहळू ओढत गेली आणि खालच्या काळोखातून तो बिस्किटांचा डबा वर आला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, बाहेरून गार. "लाईट गेल्या गेल्याच सोडला. पाण्याला लावला नाही, वर लटकवला. मोगऱ्याच्या कळ्या बाजाराच्या दिवसापर्यंत मी अशाच ठेवते. कळी उमलत नाही, मग तुझी गाय काय उमलणार?"

मी एकेक बाटली उजेडात धरली. स्वच्छ दिसत होत्या. पण बिघडलेलं इन्सुलिनसुद्धा डोळ्याला स्वच्छ दिसू शकतं, हे मला सांगितलेलं होतं. डबा पुन्हा विहिरीत सोडला, एक बाटली थर्मासात बर्फाला लागणार नाही अशी फडक्यात गुंडाळून घरी आणली. संध्याकाळी त्यातलीच टोचली. मुलगी जेवली, झोपली. मी तिच्या तोंडाशी नाक नेऊन श्वासाचा वास घेत राहिले.

सकाळी नळीत निळं औषध घेतलं, थेंब टाकले, स्टोव्ह पेटवला. नळी उकळली. निळ्यात थोडी हिरवी झाक आली. मी चिमट्याने धरून बघत राहिले, आता पिवळं होईल, आता वीट होईल. नळी गार झाली तरी बघत होते. हिरवट निळं ते तसंच राहिलं. मुलगी उठून म्हणाली, "आई, चहा ठेवतेस की नळीच पिऊ?"

पाऊस चांगला लागल्यावर महिन्याच्या फेरीला आम्ही केंद्रात गेलो तर फळ्यावर नवा कागद होता. ह्या वेळी मी मुलीलाच वाचायला सांगितलं, ती माझ्यापेक्षा भराभर वाचते. "निधी प्राप्त झाला आहे," तिने वाचलं, आणि विचारलं, "आई, ही निधी कोण गं?"

भाऊसाहेब आतून मोठ्याने हसले. मावशी बाकावर होती, तीही हसली. मीही हसले. पण त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, आणि तेवढ्यात मी ती अक्षर अक्षर जोडून वाचली होती. पुढच्या एकतीस मार्चची तारीख त्यांनी आधीच छापली होती.