फाटलेली पाळी

गावंडे मॅडमचा माणसाच्या चेहऱ्यावर काडीचा विश्वास नव्हता. माझ्या चेहऱ्यावर तर पहिल्या भेटीतच नव्हता.

अकोल्याला माझा बारावीचा पहिला पेपर होता. महिन्यापूर्वीच्या टायफॉइडने गाल बसले होते, केस गळायला लागले म्हणून आईने डोकं भादरून टाकलं होतं. हॉल तिकिटावर मात्र दोन वेण्यांची गुबगुबीत मुलगी हसत होती. वर्गातल्या सरांनी फोटो पाहिला, मला पाहिलं आणि "डमी आहे," म्हणत केंद्रप्रमुख गावंडे मॅडमपुढे उभं केलं. तेवढ्यात पेपर सुरू झाल्याची घंटा वाजली. वर्ष गेलं, या भीतीने मला रडू फुटलं.

"रडू नोको. रडल्यानं चेहरा अजून बदलते."

मॅडमनी अंगठ्याने फोटोतला चेहरा झाकला, फक्त कान उघडे ठेवले. मग माझ्या डोक्यावरचा स्कार्फ मागे सारला. "कान दाखव." लहानपणी फ्रॉक काढताना बाळी अडकून माझ्या डाव्या कानाची पाळी फाटली होती. फोटोतही ती फाटलेलीच होती. "हीच पोरगी हाय, सर. गाल भरते, बसते. कान कुठं जाते? जाय, पेपर लिही."

पुढे मी मॅडमच्याच कॉलेजात शिकवायला लागले. मॅडम शिपायाच्या ओळखपत्रावरही अंगठा ठेवून बघायच्या. त्यांचा नवरा मिशी काढून घरी आला तेव्हा कडी न काढताच "आधी कान दाखवा" म्हणाल्या, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. एकदा वैतागून मी म्हटलं, "मॅडम, इतका संशय बरा नाही."

"त्या सराले पक्की खात्री होती न? मले त्याच्या खात्रीचाच संशय आला. म्हनून तू पेपरले बसली."

ती पाळी मी आजवर शिवून घेतलेली नाही.

निवृत्तीनंतर त्या मोर्शीला मुलाकडे राहायला गेल्या. परवा भेटायला गेले, तर सून दारातच म्हणाली, "आता कोनालेच वळखत नाई त्या."

मॅडमनी मला खालीवर न्याहाळलं. "कोन तू? काहून आली?"

मी नाव सांगितलं.

"नाव तं कोनीबी सांगते."

मला फार लागलं ते. मग मी त्यांच्यापुढे बसले, केस मागे घेतले आणि डावा कान पुढे केला. त्यांचा अंगठा पाळीवर आला, चिरेवरून हळूहळू फिरला आणि थांबला.

"पेपर चालू झाला न, पोरी," त्या घाईने म्हणाल्या. "इथं काय करून राहिली? जाय, पळ."