घर बघायच्या आधी आयर्विन पूल

मंडळी, आज सकाळी मामेभावाला सांगलीतलं एक घर दाखवायला निघालो, पण आधी त्याला आयर्विन पुलावर नेलं.

दादा मूळचा विट्याचा. त्याचं गलाईचं दुकान तमिळनाडूत, सोनं वितळवून शुद्ध करायचं. आता वहिनींना सांगलीत राहायचंय. आमच्या गल्लीतलंच, नदीजवळचं एक घर त्यानं फोटोत बघून पसंत केलेलं.

पूल बघून तो खूश झाला. "लय भक्कम काम हाय गड्या," म्हणाला आणि फोटो काढायला घाटावर उतरला. तिथून त्याला खांबावरचे आकडे दिसले.

"ह्ये काय रं?"

"पुराची पट्टी. फुटात. चाळीसच्या पुढं पाणी गेलं की आम्ही फ्रिज माडीवर नेतो. त्याच्या वरची ती रेघ म्हणजे तुझ्या नव्या घराचा उंबरा. अजून वरची, स्वयंपाकाचा ओटा."

नदी आज पार तळाला होती. पलीकडं म्हशी डुंबत होत्या. दादा त्या कोरड्या रेघांकडं बघत राहिला.

"विश्रामबागला बघूया की," मी म्हणालो. "तिकडं सहसा पाणी येत नाही."

"बघू. पण मग तुमी कसं काय ऱ्हाता रं हितं?"

माझी नजर आधी पट्टीवर गेली. पाणी कुठवर आहे ते बघून मगच मी म्हणालो, "सवय झालीय."

सांगलीकरांनो, तुमच्या उंबऱ्याचा आकडा कितवा? आणि तो पाठ असूनही आपण तिथंच का राहतो?