कुर्तुबाची तालीम रुस्ताकला

स्पेनमध्ये कुर्तुबा नावाचं जुनं शहर आहे. तिकडचे लोक त्याला कोर्दोबा म्हणतात. मी तिथे गेलेली नाही. पण ते एका दिवसात कसं बघायचं याचा प्लॅन मी बनवलाय, आणि तो प्लॅन चालतो का हे बघायला आम्ही तिघं एका शनिवारी इथल्या, ओमानमधल्या रुस्ताक गावाला जाऊन आलो. हसू नका, आधी वाचा.

आम्ही मस्कतजवळ मबेलाला राहतो, वरच्या मजल्यावर. घरमालकीण खाली राहते. तिला मी खालती म्हणते. अरबीत खालती म्हणजे माझी मावशी. अब्बा म्हणतात, हिचं नाव हाच हिचा पत्ता. नववीनंतर माझी शाळा सुटली. तेव्हापासून मी घरीच अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानातल्या अबायांना मणी लावते, आणि बोटं दुखली की फोनवर मॅप उघडून कुठल्यातरी शहराच्या गल्लीत फिरते. बोट सरकवलं की रस्ता पुढे जातो. कोणाशी बोलायला लागत नाही, हे त्यातलं बेस्ट.

खालतीचा मुलगा सालिमभाई ऑफिसच्या कामाला स्पेनला, सेव्हिलला चाललेत, आणि आईलाही नेतायत. मध्ये त्यांना फक्त एक रविवार मोकळा. त्या दिवशी खालतीला कुर्तुबाची मोठी मशीद बघायचीय. लाल-पांढऱ्या कमानींची, फोटोत बघितली असेल तुम्ही. आता तिथे चर्च आहे. सालिमभाई म्हणाले, तुझे गुडघे बघ, तू हॉटेलात आराम कर, मी फोटो काढून आणतो. गेल्या वर्षी ती पडली होती, तेव्हापासून ते घाबरतात. भांडण वरपर्यंत ऐकू आलं. मग खालतीने मला बोलावून सांगितलं, तू फोनमध्ये रोज गावं फिरतेस, मला एक दिवस बनवून दे.

मी बनवला. स्टेशन, तिथून चालत बागेतून जुन्या गावात, तटाची भिंत, फुलांच्या कुंड्यांची गल्ली, मशीद, राजवाडा, नदीवरचा रोमन पूल, पलीकडचा बुरूज. सालिमभाईंनी तो नीट वाचला आणि आईला म्हणाले, एवढं आधी इथे चालून दाखव. रुस्ताकला जा, किल्ल्यापासून सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, फिरून ये, मग ट्रेनचं तुझं तिकीट काढतो.

"आणि कशी चाललीस ते नझमा सांगेल. ही मुलगी बोलतच नाही, म्हणजे खोटंही बोलत नसेल."

झालं. खालतीचं तिकीट माझ्या जिभेवर येऊन बसलं.

गाडी अंतोन अंकलची. ते वसईचे, आमच्याच गल्लीत राहतात, कुरुमच्या एका हॉटेलात लाँड्री बघतात. शनिवारी त्यांना सुट्टी होती. सकाळी लवकर निघालो. वाटेत बरकाला एका मलबारी कॉफी शॉपसमोर हॉर्न मारून गाडीतच चहा-पराठा मागवला. करक चहा शंभर बैसा, अंड्याचा पराठा तीनशे. यापेक्षा जास्त कोणी मागितले तर पुढच्या दुकानात जा. पुढे हायवे मोकळा असतो, फक्त स्पीडचे कॅमेरे सांभाळा. मग डोंगर एकदम जवळ येतात, कोणीतरी ढकलून आणल्यासारखे.

अंकलना टाइमपास पाहिजे होता म्हणून त्यांनी मला प्लॅन वाचायला सांगितला. मी हळू आवाजात वाचला. दुपारी बाराला मशीद, इथे त्यांनी थांबवलं.

"कुठला वार म्हणालीस?"

"रविवार."

"आणि आता तिथे चर्च आहे. मग पोरी, रविवारी मिस्सा नाही होणार काय?"

मी फोनवर बघितलं. रविवारी सकाळी थोडा वेळ उघडतात, मग प्रार्थनेसाठी बाहेरच्यांना बंद, आणि दुपारी तीनच्या सुमाराला परत चालू. माझ्या प्लॅनमध्ये खालती बंद दारासमोर उभी होती. मी लहानपणापासून इथे वाढले. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवार म्हणजे आमचा सोमवारच. रविवारी काही बंद असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अंकल म्हणाले, तुझी चूक नाही, इथे राहून आमच्या घरचे लोकपण शुक्रवारीच मिस्सा उरकतात. मागून खालतीने काय झालं विचारलं. ती आमच्याशी अरबी घातलेल्या हिंदीत बोलते. सांगितल्यावर म्हणाली, आपली दुकानं नमाजाला बंद होतात तेव्हा आपण काय रडतो का?

रुस्ताकचा किल्ला बाहेरूनच एवढा मोठा आहे की मान दुखते. आत जायचं असेल तर आधी चौकशी करा, मध्येमध्ये दुरुस्ती चालू असते. आम्ही बाहेरूनच चालायला लागलो. कुर्तुबाला स्टेशनपासून मशीद बरीच लांब आहे, तेवढं अंतर मी इथे किल्ल्यापासून सूकच्या मागच्या खजुरांच्या बागांपर्यंत धरलं होतं. पहिलं अर्धं खालती आमच्या पुढे होती. सूकमध्ये तिने मधवाल्याला विचारलं, हा मध माशीने बनवला की तू. तो म्हणाला, माशीने, मी फक्त भाव बनवला. तिला ते आवडलं, पण घेतला नाही.

बागांकडे जाणारी गल्ली थोडी चढाची आहे. तिथे ती बोलायची बंद झाली. मग तिने मातीच्या भिंतीला हात लावला. मग एका दुकानाच्या ओट्यावर बसली ती उठेनाच. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी दिलं. अंकल गाडी आणायला धावले. आम्ही दोघीच होतो, तेव्हा ती माझं मनगट धरून म्हणाली, "हे सालिमला सांगायचं नाही, बिन्ती."

बिन्ती म्हणजे माझी मुलगी. मी गप्प राहिले की लोकांना ते हो वाटतं.

एक वाजत आला होता, शटरं खाली यायला लागली. इकडे येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दुपारी चारपर्यंत सूक मेल्यासारखं असतं. आम्ही गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो. फुकट आहे. पाणी जमिनीतूनच कडक गरम येतं आणि पाटातून गावात जातं. सांधे दुखणारे लोक लांबून येतात. खालतीने पाय सोडले. मी पण सोडले आणि लगेच वर घेतले, एवढं भाजतं. अंकल भात आणि मासे घेऊन आले, तिघांचे मिळून साडेतीन रियाल. खाऊन झाल्यावर अंकल गाडीत झोपले, खालतीने बसूनच नमाज पढली आणि सावलीत टेकली.

मला काहीच काम नव्हतं. मी फोनवर मशिदीचं अंगण उघडलं. तिथे ओळीने झाडं आहेत. नाव होतं नारान्होस की काहीतरी. मी खालतीला दाखवलं, तर ती म्हणाली, अगं ही नारंजची झाडं. मी म्हटलं, आम्ही नारिंग म्हणतो. एवढ्या लांब जाऊन झाडाचं नाव तेच. ती बराच वेळ ते अंगण बघत राहिली, दोन बोटांनी मोठं करत. मग म्हणाली, इथे बसायला पैसे पडतात का? मी शोधलं. अंगण फुकट आहे. तिकीट फक्त आतलं.

मग ती फोन छातीवर ठेवून झोपली. असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या अजानला उठली आणि मला न विचारता चपला घालून म्हणाली, यल्ला, चला. गाडी सूकपाशी लावली. ती परत त्याच गल्लीत शिरली. हळू, मध्येमध्ये थांबत, पण शेवटपर्यंत गेली. खजुरांखाली उभी राहून तिने मागे बघितलं, मी बघतेय का ते. परत येताना त्याच मधवाल्याकडून मध घेतला, पाव किलो, आणि भावावरून त्याचा जीव खाल्ला.

घरी आलो तर सालिमभाई दारातच होते. खालती आत जाताजाता म्हणाली, मी सगळं चालले, हिला विचार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोठ्या माणसांशी बोलताना त्यांच्या चपलांकडे बघते. तेव्हापण तेच केलं.

"चालली," मी म्हटलं. "पण आधी मध्येच बसली. ओठ पांढरे झाले होते. दुपारभर आराम केला. मग चालली."

खालतीने मधाची बाटली टेबलावर आपटली. "ही बोलायला शिकली आणि पहिला चावा मलाच घेतला."

सालिमभाई मला म्हणाले, माझ्याकडे एकच दिवस आहे. एवढ्या लांब जाऊन ही आराम करेपर्यंत मी दुपारभर काय करू?

"बसा," मी म्हटलं. "तुम्ही पण बसा."

असं मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. पण तोंड उघडलंच होतं, म्हणून सगळं सांगून टाकलं. सकाळच्या लवकरच्या ट्रेनने जा, स्टेशनवरून टॅक्सी करा. चालणं तिथे वाया घालवू नका. मिस्साच्या आधी मशीद बघा. आत नमाज पढू देत नाहीत, ते खालतीला आधीच सांगा. दार बंद झालं की बाहेर अंगणात बसा. जेवण तिथे उशिरा असतं, टोमॅटोचं थंड सूप मिळतं, पण त्यावर डुकराचं मांस टाकतात, ते नको म्हणून सांगा. राजवाडा नाही, बुरूज नाही, भिंत नाही. उन्हं उतरली की पूल, अर्धाच.

आता तिकिटं निघालीत, दोन. खालती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी वाटीभर हलवा पाठवला. कोणी विचारलं रुस्ताकला काय बघितलंस, तर मला किल्ला आठवत नाही. ओट्यावर तिने धरलेलं मनगट आठवतं, आणि मी तिचं ऐकलं नाही ते. ते बरोबर होतं का, मला अजून नक्की कळलेलं नाही. ती तिकडे पडली तर कळेल, आणि न पडता फिरून आली तरी कळेल.

त्या संध्याकाळी सालिमभाईंनी शेवटी एवढंच विचारलं, पुलावरून काय दिसतं? मी फोन काढून त्यांच्या शेजारी बसले. खालती पण रागातच येऊन मागे उभी राहिली. जेवायला का येत नाही म्हणून अम्मी मला शोधत खाली आली, तेव्हा आम्ही तिघं पुलाच्या मधोमध होतो, आणि बोलत मी होते.