रेग्युलेटर दुरुस्त होत न्हाई

सुभद्राआत्या गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता गेली. उरवडे फाट्यावरच्या शेगडीच्या दुकानाचं शटर तिनं अर्धं वर केलं होतं. शेजारच्या चहावाल्याला ती पायरीवर बसलेली दिसली. तो पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. वय बहात्तर. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मी पुण्यात एका वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचं काम करतो. ती गेली तेव्हा तिनं लावून धरलेलं एक प्रकरण अर्धवट होतं, आणि त्यातला एक भाग माझ्या टेबलावरून गेलेला होता.

दुकान मूळ तिच्या यजमानांचं. ते गेल्यावर दीर म्हणाले, गाळा भाड्यानं देऊ, वहिनी घरी बसतील. आत्या म्हणाली, "मी घरी बसते, पण तुमच्या घरची शेगडी बिघडली की मला उठवायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी ती गल्ल्यामागे बसली ती शेवटपर्यंत. सुरुवातीला कारखान्यातल्या कामगारांच्या शेगड्या यायच्या. पुढे कासारसाईच्या धरणाकाठी तंबू लागले, फार्महाऊसच्या हिरवळीवर जाळीच्या शेगड्या आणि उंच हीटर आले, रस्त्याकडेला मिसळीच्या भट्ट्या पेटल्या. उघड्यावर गॅस जाळणाऱ्या सगळ्यांचा रस्ता तिच्या दुकानावरून जायचा आणि तिथं प्रत्येकाला बोलणी खावी लागायची. माणमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या एका संगणकवाल्यानं माझ्यासमोर विचारलं होतं, "आजी, सगळ्याला चालेल असा एखादा रेग्युलेटर द्या ना." आत्या म्हणाली, "सगळ्याला चालंल असा जावई तरी मिळतो का? आधी शेगडीच्या मागचा पत्रा वाचून ये. त्यावर दाब लिवलेला आसतो." भट्टीला दाब जास्त लागतो, जाळीच्या शेगडीला अगदी थोडा. भट्टीचा रेग्युलेटर शेगडीला लावून भुवया जाळून घेतलेले दोघे तिच्या ओळखीचे होते. त्यांची नावं ती गिऱ्हाइकांना खुशाल सांगायची. थंडीत टाकीवर हिव धरलं की तिच्यावर उकळतं पाणी ओतणारे, शेवटचा गॅस निघावा म्हणून टाकी आडवी पाडणारे... त्यांना ती तोंडावर येडा म्हणायची. आडव्या टाकीतला पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो, हे तिनं मला पाण्याच्या बाटलीवर दाखवलं होतं.

तिचा खरा राग होता तो रेग्युलेटर दुरुस्त करून मागणाऱ्यांवर. त्याच्या टोपणावर एक बारीक भोक असतं. आत रबराचा पडदा असतो आणि तो त्या भोकातून हवा घेत खालीवर होतो, म्हणून गॅस मापात सुटतो. आपल्याकडे पावसाळ्यात तंबू बंद असतात. रेग्युलेटर पडवीत पडून राहतात आणि कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर करते. दिवाळीला ते दिसलं की कुणीतरी सुई घेतो आणि माती उकरतो. सुई पडद्याला लागते. मग भोकातून गॅस झिरपतो. "भोक खाली करून टांग, वर झाकण ठेव, टाकी बदलली की साबणाचं पाणी लाव," असं ती प्रत्येकाला सांगायची. फुगा आला की तो रेग्युलेटर तिच्या लेखी मेला. त्यावर ती लाल नेलपॉलिशनं फुली मारायची. गिऱ्हाईक चिडायचं. ती म्हणायची, "शेगडी दुरुस्त व्हती. रेग्युलेटर दुरुस्त होत न्हाई."

दिवाळीनंतरच्या आठवड्यात विकास असाच एक रेग्युलेटर घेऊन आला. विकास तिच्या चुलत दिराचा मुलगा. धरणाकाठी त्याचा तंबूंचा कॅम्प आहे. भोकातून फुगे येत होते. "काकी, रबर तेवढं बदलून द्या," तो म्हणाला. तिनं फुली मारली. तो हसला आणि रेग्युलेटर खिशात घालून निघून गेला.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्या कॅम्पवर जाळीच्या शेगडीचा भडका उडाला. कार्यालयीन सहलीला आलेले दोन पाहुणे आणि आचारी रामबिलास भाजले. रामबिलास बिहारचा. पोलीस येण्याआधी शेगडीला नवा रेग्युलेटर लागला होता आणि पंचनाम्यात तोच लिहिला गेला. गुन्हा रामबिलासवर नोंदवला गेला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एक कॉलमी बातमी आली: आचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे भडका. त्याचं पूर्ण नाव, गावासकट. ती मी तपासली. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या काढल्या आणि पुढे पाठवली. बातमी छापून आली त्या सकाळी साडेसातला आत्याचा फोन आला.

"निष्काळजीपणा तुला कुणी सांगितला?"

"पोलिसांनी."

"त्यान्ला कुणी सांगितला?"

"कॅम्पच्या मालकानं."

"म्हंजे इक्यानं. मग तसं लिवायचं, इक्या म्हणतो म्हणून. रामबिलासला इचारलं का कुणी?"

"तो दवाखान्यात होता, आत्या."

"हात भाजला व्हता त्याचा. तोंड न्हवतं भाजलं."

चार दिवसांनी रामबिलास उजव्या हाताला पट्टी बांधून तिच्या दुकानात आला. कॅम्पमागच्या भंगारातून त्यानं जुना रेग्युलेटर उचलला होता. "मावशी, यही लगा था," तो म्हणाला. टोपणावर आत्याची लाल फुली होती. भोक पुट्टीनं बुजवलेलं होतं. पडदा फाटलेला असताना टोपणावरचं भोक असं बाहेरून बंद केलं की दोन्ही बाजूंना गॅस भरतो, स्प्रिंग झडप उघडीच ठेवते आणि टाकीतला सगळा दाब थेट जाळाकडे जातो. आत्यानं त्याला बसवून चहा दिला आणि रेग्युलेटर स्टीलच्या डब्यात ठेवला.

ही गोष्ट विकासपर्यंत पोचायला एक दिवस लागला. तो दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. मी तेव्हा दुकानात होतो.

"काकी, घरातलं घरात मिटवू. तो काय आज हाय, उद्या न्हाई."

"तो आज हाय ना? मग आज बोलू."

"बिहाऱ्यासाठी भावकी तोडताय तुमी."

"भावकीनं भोक बुजवलं, म्या न्हाई."

त्यानंतर विकासनं पोलिसांना सांगितलं की पुट्टी काकीनंच भरून दिली. गावातल्या दोन लग्नांची आमंत्रणं तिला आली नाहीत. सून म्हणाली, आई, आता सोडा. आत्या एसटीनं पोलीस ठाण्यात गेली. पहिल्या दिवशी हवालदार म्हणाला, "आजी, हे भंगार कशाला आणता?" दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. तिसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. साहेबांनी डबा ठेवून जायला सांगितलं. ती म्हणाली, "पोच द्या, मग ठेवते." पोच मिळायला साडेचार तास लागले. तेवढा वेळ ती बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली. साहेबांना तिनं भिंगातून दाखवलं: फुलीची एक रेघ पुट्टीच्या खाली जाते. "आधी फुली, मग पुट्टी. मी मेलेल्याला फुली मारते साहेब, फुली मारून औषध देत न्हाई." रेग्युलेटर तपासणीला गेला.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तू काय करणार हायेस?" मी म्हणालो, अहवाल आला की खुलासा छापू. "छापताना अहवालाची वाट बघितली व्हतीस का?" रामबिलासला तोवर पाच ठिकाणी काम नाकारलं गेलं होतं. पाचही मालकांनी मोबाइलवर आमची बातमी दाखवली होती. ते ती दर फोनला सांगायची. आकडा तिनं कधी वाढवून सांगितला नाही. मी दोनदा पडताळला.

शेवटची भेट ती जाण्याआधीच्या रविवारी झाली. तिला धाप लागत होती. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाली, "आधी त्याचं नाव निघू दे, मग माझं काय ते बघू." समोर गिऱ्हाईक होतं. त्याला तिनं शेगडीचा पत्रा वाचायला परत पाठवलं.

तपासणीचा अहवाल ती गेल्यानंतर नवव्या दिवशी आला. पडद्याला सुईएवढं छिद्र, टोपणावरचं भोक पुट्टीनं बंद, पुट्टी लाल रंगाच्या वर. पोलिसांनी रामबिलासचं नाव वगळण्याचा अहवाल न्यायालयात दिला आणि विकासला आरोपी केलं. आमचा खुलासा बातमी आली होती त्याच पानावर आला. तो मी लिहिला. त्यात रामबिलासचं पूर्ण नाव आहे, गावासकट, आणि चूक वर्तमानपत्राची होती हे वाक्य आहे. विकासचा जामीन मंजूर झाला आहे. कॅम्प बंद आहे. रामबिलास गेल्या शुक्रवारपासून पिरंगुटच्या एका खानावळीत आचारी म्हणून कामाला आहे.