औषध घेतलंय का?

शेतात राबणाऱ्यांची सुरक्षितता आणि आरोग्य या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण मी कोल्हापुरातल्या एका एसी वर्गात घेतलं. एसी लागायचाच, कारण फवारणीचा संरक्षक पोशाख आम्ही तिथेच घालून बघायचो. गळ्यापर्यंत चेन, गॉगल, मास्क, रबरी हातमोजे. पडद्यावर परदेशी ट्रॅक्टर दिसायचा, त्याच्या काचेला वायपर. सर म्हणायचे, "शेतकऱ्याच्या मनात शिरा." आम्ही ते लिहून घ्यायचो.

प्रबंधासाठी घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे होते. प्रश्न इंग्रजीत होते. भाषांतर माझ्याकडे आलं, कारण मी वर्गात सर्वांत कमी बोलायचे आणि कमी बोलणाऱ्याला भाषा चांगली येते, असा सरांचा समज होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी येते, पण आमच्या फ्लॅटच्या दारापर्यंतची. फवारणीनंतर डोकं दुखलं, मळमळलं तर काही गोळी वगैरे घेता का, असा एक प्रश्न होता. मी सुटसुटीत लिहिलं : 'फवारणीनंतर घरात कोणी औषध घेतलं आहे का?' सर खूश झाले. "एकदम ग्रामीण," म्हणाले.

शिरोळकडच्या पहिल्याच घरी दारात चपलांची गर्दी होती. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मी मागे फिरणार, तोच मुलीच्या आईनं मला पाहुण्यांतलीच समजून हाताला धरलं. "या की पावणं, लाजताय काय!" मला नाही म्हणता येत नाही. मी सतरंजीवर बसले आणि हातात पोहे आले.

मुलगी आणि मुलगा एकमेकांकडे चोरून बघत होते. दोघांना पसंत असल्याचं मलाही कळत होतं. प्रश्न फक्त मोठ्यांचा होता.

"ह्या कोण म्हणायच्या?" मुलाच्या आत्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. घाबरले की मला पाठ केलेलं तेवढंच आठवतं. 'फवारणीनंतर' हा शब्द घशातच राहिला, पुढचं मात्र खणखणीत बाहेर पडलं.

"घरात कोणी औषध घेतलं आहे का?"

या भागात पिकावर मारतात ते औषध, आणि माणसानं 'औषध घेतलं' याचा अर्थ एकच, जीव द्यायला बाटली तोंडाला लावली. हे मला तिथे, पोहे हातात असताना कळलं.

"कुणी घेतलं? कवा?" आत्या.

"कुणी न्हाय घेतलं!" मुलीची आई ओरडली.

"मग ही बाई काय उगंच विचारतीया? मध्यस्थानं आमास्नी काय सांगितलं न्हाय." मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली.

"मेडिसिन," मी म्हणाले. "पॉयझन नाही!"

पॉयझन मात्र सगळ्यांना समजलं. आत्या पदर सावरून उठल्या.

आता बोलण्यात अर्थ नव्हता. मी उभी राहिले, पाठीवर पंप असल्यासारखी वाकले, हात खालीवर केला, मग डोकं धरलं, ओकारी काढली आणि गोळी गिळली. आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी कधी काही केलं नव्हतं.

मुलगीच आधी हसली. "औषध मारून आल्यावर डोकं धरलं तर गोळी खाता का, आसं इचारत्यात." मग तिनं सरळ मुलालाच विचारलं, "तुमास्नी हुतंय का तसं?"

"हुतंय की," तो भाबडेपणानं म्हणाला. "रातभर मळमळतंय."

"म्हंजे पोराला दुखणं हाय व्हय?" आता मुलीची आई तापली. "हे बी मध्यस्थानं सांगितलं न्हाय!"

आत्या पुन्हा खाली बसल्या. "दुखणं कसलं? वाऱ्याच्या तोंडाला हुबा ऱ्हाऊन मारतोय, यडं!"

"तोंडाला काय बांधता?" मुलगी.

"रुमाल."

"त्यानं काय हुतंय? मी आले की बघते."

तिनं जीभ चावली. मुलाचे वडील मोठ्यानं हसले, मग आत्या. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

मुलीच्या आईनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "ताई, पाया पडते, आता काय बी इचारू नगा. जमतंय."