वीस मिनिटांचं काम

बिघडलेली वस्तू दिसली की मिस्त्रीला राहवत नसे. हा त्याचा गुण की खोड, यावर त्याचं आणि बायकोचं तीस वर्षांत एकमत झालं नव्हतं. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तर पाणी पिऊन होईपर्यंत त्या घरातल्या कपाटाची कुरकुर त्याच्या कानात गेलेली असे आणि निघेपर्यंत ती बंदही झालेली असे. "लोक तुम्हाला जेवायला बोलावतात की कपाटं दाखवायला?" असं बायको परतताना विचारायची. तो हसून सोडून द्यायचा. खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर मात्र कधी घरी ठेवायचा नाही.

दारं आणि शटरं बनवणाऱ्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं काढली. एका शुक्रवारी त्या कारखान्याचंच शटर खाली आलं. मालकाने नोटीस चिकटवली ती नेमकी मिस्त्रीने स्वतः बसवलेल्या फाटकावर. त्या वेळी त्याचं वय चोपन्न. या वयाच्या माणसाला नवीन जागी विचारतं कोण? सगळीकडे "कळवतो" एवढं ऐकून तो परत यायचा, आणि कळवायचं काही कुणी नाही. शेवटी बेकारी भत्त्यासाठी नाव घातलं. महिन्यातून एकदा भत्ता कचेरीत जायचं, काम शोधतोय पण मिळालं नाही असं सांगून हजेरी लावायची, आणि घरी यायचं. भत्त्यात खोलीचं भाडं निघत होतं. बाकीचं कसंबसं भागत होतं.

कचेरीचं मुख्य दार काचेचं होतं. दार हळू मिटावं म्हणून वर जो दांडा असतो, तो कामातून गेलेला होता. त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीत दार धाडकन बसायचं. मिस्त्री तीन महिने रांगेत उभा राहून ते ऐकत होता आणि दात-ओठ खात होता. चौथ्या महिन्यात एका म्हातारीची बोटं दारात सापडता सापडता वाचली, तेव्हा त्याने पुढच्या माणसाला रांगेतली जागा सांभाळायला सांगितली आणि स्टूल ओढलं. दांडा उतरवला, गंजलेला स्क्रू बदलला, बिजागरी वर घेतली. वीस मिनिटांत दार शहाण्यासारखं मिटायला लागलं. रांगेतले लोक उगाचच दोनदोनदा आतबाहेर करून बघत होते.

खिडकीवरचा कारकून भला माणूस. त्याने मिस्त्रीला चहा पाजला आणि दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये कौतुकाने लिहून ठेवलं, 'मुख्य दार दुरुस्त केले.' खाली मिस्त्रीचं नाव. "तुमचा नोंद क्रमांक काय हो?" त्याने विचारलं. मिस्त्रीने तो छाती फुगवून तोंडपाठ सांगितला. स्वतःच्या पायावर इतक्या आनंदाने धोंडा पाडून घेणारा माणूस विरळाच.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अमुक तारखेला आपण काम केल्याचे कचेरीच्या रजिस्टरवरून दिसून आले, ते आपण कळवले नाही, सबब भत्ता सहा महिने बंद. मिस्त्रीने पत्र चारदा वाचलं. बायकोने एकदाच वाचलं आणि कपाळाला हात लावला. खोलीचा मालक सहा महिने थांबणारा नव्हता. मग उरत होता मेहुणा. मेहुण्याच्या घरी मागे एक खोली होती, तिथे तो जुने टायर ठेवायचा. माणूस वाईट नव्हता, पण "मी तेव्हाच म्हणालो होतो" हे वाक्य तो दिवसातून दहादा म्हणायचा. त्या घरात मिस्त्री दोन दिवसांच्या वर कधी टिकला नव्हता.

"त्या बेकार मंडळींकडे जाऊन तरी या," बायको म्हणाली.

बेकार मंडळी म्हणजे बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गुरुवारी सकाळी जमणारे वीस-पंचवीस लोक. त्यांची म्होरकी होती टायपिस्टबाई. कॉम्प्युटर आल्यावर तिची नोकरी गेली होती, जरब मात्र शाबूत होती. तिने घालून दिलेला नियम एकच. कचेरीत कुणी एकट्याने जायचं नाही. सोबत एकाने जायचं, त्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. फक्त प्रश्न आणि उत्तर, जसंच्या तसं वहीत उतरवायचं आणि बाहेर आल्यावर वाचून दाखवायचं. म्हणजे मागाहून कुणी शब्द फिरवायला नको.

"मला नको कुणी सोबत," मिस्त्री म्हणाला. "मी काय भीक मागायला चाललोय?"

"भीक असती तर इतके फॉर्म भरून घेतले असते का तुमच्याकडून?" बाई म्हणाली. "बसा. मजुरी किती मिळाली?"

"मजुरी कसली? चहा मिळाला."

कोपऱ्यातून एक जुना ड्रायव्हर म्हणाला, "मी सांगतो मिस्त्री. म्हणायचं, मी नुसता धक्का दिला, दार आपोआप सुरू झालं."

मिस्त्री भडकलाच. "धक्का देऊन होतं का ते? दांडा उतरवावा लागतो! ज्याला येतं, त्यालाच येतं ते."

बाईने दोघांना गप्प केलं आणि अर्ज लिहायला घेतला. त्यात एकच सवाल होता. ते काम होतं, तर कचेरीने मजुरी का दिली नाही? आणि काम नव्हतं, तर भत्ता का बंद केला?

सुनावणीच्या दिवशी बायकोही आली. तिला बाहेर बाकावर बसवलं. आत साहेब, मिस्त्री आणि वही उघडून बसलेली बाई. साहेबाने विचारलं ते मिस्त्रीने खरं खरं सांगितलं. मग अर्ज पुढे केला. साहेबाने तो वाचला, पुन्हा वाचला आणि वरच्या साहेबाकडे गेला. मिस्त्रीचा जीव टांगणीला लागला. अर्ध्या तासाने साहेब परत आला तो एक टाईप केलेला कागद घेऊन.

'सदर इसमाने त्या दिवशी कोणतेही काम केलेले नाही. दार आपोआप पूर्ववत झाले.'

"इथे सही करा. भत्ता आजपासून सुरू, मागचाही मिळेल," साहेब म्हणाला.

मिस्त्रीने कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही वेगळं असेल. "साहेब, 'काम केलं, मजुरी घेतली नाही' असं लिहा ना. खरं तेच आहे."

"त्याला रकाना नाही हो. काम आहे किंवा नाही, एवढंच."

मिस्त्रीने बाईकडे पाहिलं. बाई मान खाली घालून लिहीत होती, नियम म्हणजे नियम. काचेपलीकडे बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. टायरांची ती खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने सही केली, एवढीशी, कुणाचीही वाटावी अशी. त्याला लाज वाटली. खोटं बोलल्याची तेवढी नाही. कारखाना बंद पडल्यापासून हातून घडलेलं ते एकच काम, आणि त्याने ते स्वतःच नाकारलं होतं.

"झालं का हो?" बायको उठलीच.

"झालं. भत्ता चालू."

ती मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. बाईने तिच्या शेजारी बसून वही उघडली आणि नियमाप्रमाणे वाचायला सुरुवात केली.

"साहेब : दार कुणी दुरुस्त केलं? मिस्त्री : मी केलं. साहेब : किती वेळ लागला? मिस्त्री : वीस मिनिटं. स्क्रू गंजला होता, नाहीतर दहा मिनिटांत झालं असतं. साहेब : कुणी सांगितलं होतं? मिस्त्री : सांगायला कशाला पाहिजे? म्हातारीची बोटं गेली असती."

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "एवढंच परत वाचा."

बाईने परत वाचलं. त्याने पेन मागितलं.

"वहीवर सही लागत नाही, मिस्त्री."

"असू दे. करतो."

बायकोने वही मांडीवर सपाट धरली. मिस्त्रीने वाकून आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलं. आणि त्याखाली लिहिलं, दारांचा मिस्त्री.